सुईएवढी वाट

साल १०६०, अंबरनाथ. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काळ्या दगडाच्या कपच्यांनी भरलेली पाटी, आणि तुम्ही वालधुनीच्या काठाने चढण चढताय. शिलाहारांच्या मुम्मुणी राजाचं शिवालय पुरं होत आलंय. शके ९८२ हा आकडा दगडात कोरला जाईल. तुमचं नाव कुठे असणार नाही, आणि तुम्हालाही त्याचं काही नाही. तुमचं सगळं लक्ष पायांकडे आहे.

प्रवास सुरू झाल्यावर सांगतोय खरा, पण नियम एकच आहे. साल बदलेल, धंदा बदलेल, कधी बाईमाणूस व्हाल, कधी बाप्या; पाय मात्र शेवटपर्यंत हेच. डाव्या पायातल्या नीला बिघडल्या आहेत, उजव्यातल्या रोहिण्या. हृदयाकडून रक्त आणते ती रोहिणी, परत नेते ती नीला. रोजच्या बोलण्यात दोन्हींना आपण शीर म्हणतो, नस म्हणतो, आणि औषधाच्या दुकानातून दोन्हींसाठी एकच मलम घेऊन येतो. वास्तविक हे दोन आजार एकमेकांच्या उलटे वागतात. डावा पाय उभं राहून राहून संध्याकाळी जड होतो, घोटा सुजतो, पोटरीवर निळ्या गाठी वर येतात. उशीवर पाय टाकला की बरं वाटतं. उजवा पाय चालताना पोटरीत आवळून येतो, थांबलात की दोन-चार मिनिटांत सुटतो. पुढे पुढे तो रात्री आडवं झाल्यावर ठणकायला लागतो, आणि तेव्हा त्याला उशीवर ठेवून भागत नाही. खाटेखाली लोंबकळता सोडावा लागतो, म्हणजे जे काही थोडं रक्त येतंय ते निदान उतारावरून तरी बोटांपर्यंत पोचेल.

चढण संपते. पाटी उतरवून तुम्ही वैद्याकडे जाता. सुश्रुतसंहिता त्याच्या पाठात आहे. जळवांचे बारा प्रकार, सहा विषारी आणि सहा निर्विष, हे तो घडाघडा सांगतो. रक्त काढण्याचा सगळ्यांत सौम्य मार्ग म्हणजे जळू. तो राजांसाठी, श्रीमंतांसाठी, मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, स्त्रियांसाठी, घाबरटांसाठी. कमीत कमी इजा करणारा उपचार कोणाला मिळावा याची यादी तेव्हाही होती. तुम्ही पाटी वाहणारे. तुमच्या वाट्याला बहुधा शस्त्रच येईल.

जळवेची थट्टा मात्र करू नका. १८८४ साली जॉन हेक्राफ्ट नावाच्या संशोधकाला आढळलं की जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. त्याला हिरुडिन म्हणतात. त्याच्याच धर्तीवर बनवलेलं बायव्हॅलिरुडिन हे औषध आज अँजिओप्लास्टीच्या टेबलावर टोचतात.

आता काही सालं भराभर ओलांडू, कारण त्यांत तुमच्या पायांसाठी फारसं काही नाही. १८९०, जर्मनी. फ्रीडरिश ट्रेंडेलनबुर्ग मांडीतली मोठी नीला उघडून बांधून टाकतो. खालून वर जाणारं रक्त उलट गळू नये म्हणून नीलेत झडपा असतात, त्या निकामी झाल्या की दोष वरून खाली येतो, हे त्याला कळलंय. १८९६, व्हिएन्ना. क्ष-किरणांचा शोध लागून महिने दोन झालेत, आणि दोघे जण एका कापलेल्या हाताच्या रोहिणीत दाट द्रव भरून तिचा फोटो काढतात. जिवंत माणसाच्या रोहिणीत घालायला चालेल असा द्रव अजून कोणापाशी नाही. १९०७, अमेरिका. बॅबकॉक नावाचा सर्जन लांब लवचिक दांडी नीलेतून ओवून, नीला तिच्या टोकाला बांधून, घोट्यापासून मांडीपर्यंत अख्खी ओढून काढतो. नीलांवरचा हाच मुख्य उपाय पुढे जवळजवळ शतकभर राहणार आहे.

१९०८ साली जरा थांबा. त्या एका वर्षात दोन डॉक्टरांनी दोन आजारांची वर्णनं छापली. न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गरने कापलेले अकरा अवयव तपासून तरुण माणसांच्या हातापायांतल्या लहान रोहिण्या बुजवणारा रोग सांगितला. जपानमध्ये ताकायासू या नेत्रतज्ज्ञाने एका तरुण बाईच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांची विचित्र जाळी नोंदली. हे दोघे एकमेकांना ओळखत नव्हते. त्या दोघांचेही रोग मुंबईत परळच्या वॉर्डांत येऊन मुक्काम करणार आहेत.

साल १९५५, पुन्हा अंबरनाथ. विम्कोच्या कारखान्यात तुम्ही काड्यापेट्या बनवता आणि सुट्टीच्या भोंग्यानंतर त्याच काडीने विडी पेटवता. दिवसाला एक कट्टा. वय पस्तीस. उजव्या पायाचा अंगठा आधी निळसर झाला, मग काळा. बर्गरचा आजार हा तंबाखूचा आजार आहे. जुन्या वैद्यकीय लिखाणात असे आकडे सापडतात की पायाच्या रोहिण्या बंद झालेल्या रुग्णांत पश्चिम युरोपात जेमतेम सहा टक्क्यांपर्यंत लोक या रोगाचे, तर हिंदुस्थानात ते निम्म्याच्या आसपास.

गाडीने तुम्ही परळला येता. केईएम रुग्णालय १९२६ पासून इथे उभं आहे. वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात, आयाबाईंना मावशी. मामा तुम्हाला स्ट्रेचरवरून नेतात. कमरेतून मज्जातंतूंची एक साखळी कापतात. या शस्त्रक्रियेला सिंपथेक्टमी म्हणतात. तिच्यामुळे कातडीकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या सैल होतात, पाय थोडा ऊबदार होतो, जखम कधी भरते. बुजलेली रोहिणी बुजलेलीच राहते. "विडी सोड," हे तुम्हाला सर्जन सांगतात, सिस्टर सांगते, मामाही सांगतात आणि मग स्वतः खाली जाऊन ओढून येतात. तुम्ही सोडत नाही. आधी अंगठा जातो, मग दोन बोटं, मग गुडघ्याखालून पाय. सगळं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खाटांवर. त्या पिढीत हे इतकं ठरलेलं होतं की बोट कापल्यावर पाय कधी, एवढाच प्रश्न लोक विचारत.

या वेळेपर्यंत सुईची वाट मात्र सापडलेली आहे, फक्त तिचा उपयोग बघण्यापुरता होतोय. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टराने स्वतःच्याच कोपरातल्या नीलेतून लघवीची नळी ६५ सेंटिमीटर आत ढकलली, जिना उतरून क्ष-किरणाच्या खोलीत गेला आणि ती आपल्या हृदयात पोचल्याचा फोटो काढला. १९५३ साली स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगरने रोहिणीत जाण्याची रीत सोपी केली. सुई टोचा, सुईतून बारीक तार आत सोडा, सुई काढा, तारेवरून नळी सरकवा, तार काढून घ्या. परकराच्या नेफ्यात नाडी ओवता आली त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. भोक सुईएवढंच राहतं, आणि त्यातून सुईएवढी जाड नळी आत जाते. आजही कुठल्याही कॅथलॅबमधलं पहिलं मिनिट हे सेल्डिंगरचं असतं.

साल १९६४, १६ जानेवारी. अमेरिकेतलं पोर्टलंड. तुम्ही ८२ वर्षांच्या आजीबाई आहात. (त्यांचा दुखरा पाय खरं तर डावा होता, प्रवासापुरता उजवा धरा.) बोटं काळी पडलीत, पावलावर जखम आहे, रात्र रात्र झोप नाही. सर्जन म्हणतात, पाय काढू. तुम्ही म्हणता, नाही. ते समजावतात. तुम्ही पुन्हा म्हणता, नाही. वैद्यकाच्या इतिहासात या म्हातारीच्या हट्टाला जेवढं श्रेय द्यायला हवं तेवढं दिलं जात नाही असं मला वाटतं. तिने होकार दिला असता तर सर्जनने पाय कापला असता, आणि शोध आणखी काही वर्षं लांबला असता.

सर्जनांचा उपाय संपल्यावर तुम्हाला क्ष-किरण विभागात पाठवतात. तिथे चार्ल्स डॉटर बसलाय. मोठा उद्योगी माणूस. काही सहकारी त्याला वेडा चार्ली म्हणतात. मागच्याच वर्षी दुसऱ्या एका रुग्णाचा तपास करताना त्याची नळी बंद पडलेल्या रोहिणीतून चुकून आरपार गेली होती आणि रक्त वाहू लागलं होतं. जून १९६३ मध्ये कार्लोव्ही व्हारीच्या परिषदेत त्याने सांगून टाकलं की कॅथेटर हे नुसतं बघायचं साधन राहणार नाही. आता हे मुद्दाम करून बघायला त्याला पाय हवा होता. तुमचा मिळाला.

मांडीत भूल. टोचणी. तार आत जाते. तुम्हाला कळतसुद्धा नाही, कारण रोहिणीला आतून स्पर्शाची जाणीव नसते. तारेवरून टेफ्लॉनची बारीक नळी, मग तिच्यावरून जाड नळी. चरबी आणि चुना साठून अरुंद झालेली जागा बाजूला दाबली जाते. कापाकापी नाही, टाके नाहीत. काही मिनिटांत तुमचं पाऊल गरम होतं. कित्येक महिने कोणी तुमच्या पावलाला हात लावला की गार लागायचं. आता नर्स हात लावते आणि दचकून मागे घेते. आठवड्याभरात दुखणं जातं, पुढे जखमही भरून येते. पुढची काही वर्षं, शेवटपर्यंत, त्या बाई स्वतःच्या पायांनी चालत राहिल्या.

डॉटरचं कौतुक झालं असं वाटत असेल तर नाही. अमेरिकेतल्या सर्जनांनी त्याला जवळजवळ वाळीत टाकलं. एका तपासणीच्या चिठ्ठीवर सर्जनने त्याला बजावून लिहिलं होतं की फक्त चित्र काढ, दुरुस्त करायला जाऊ नकोस. त्याची विद्या युरोपने उचलली. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिगने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायको आणि सहकाऱ्यांना हाताशी धरून, नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचे फुगे बसवून बघितले. जाडी वाढत जाणाऱ्या नळ्यांऐवजी एक बारीक नळी जागेवर नेऊन तिथेच फुगवायची. १९७४ मध्ये पायात, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका विमा एजंटाच्या हृदयात. डॉटर आणि ग्रुंट्झिग दोघेही १९८५ साली गेले, ग्रुंट्झिग विमान कोसळून. जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, जी बसवली की आपल्याकडे स्प्रिंग टाकली म्हणतात, ती हृदयात बसलेली ग्रुंट्झिगने पाहिली नाही. ते १९८६ मध्ये फ्रान्समध्ये झालं. पायासाठीची जाळी नायटिनॉलची असते, कारण गुडघा वाकला, मांडी दाबली गेली तरी ती पुन्हा आपल्या आकारात येते. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या आयुध प्रयोगशाळेत सापडला. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ज्यांची नोकरी झाली त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

आता मागे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, परळ. या खेपेला तुम्ही वांगणीची एकवीस वर्षांची मुलगी आहात. चक्कर येते, भाकऱ्या थापताना हात भरून येतात. गावच्या डॉक्टरांनी मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. दुसरा हात धरला. नाडी सापडेना. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि डॉ. परुळकर यांच्या गटाने अशाच तरुण रुग्णांचा अभ्यास करून १०१ रुग्णांवर एक अख्खा ग्रंथ लिहिलाय. सेन म्हणजे फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगात पहिलं हृदयरोपण झाल्यावर काही आठवड्यांतच, इथे ते करून पाहणारे सर्जन. तुमच्या महारोहिणीची आणि तिच्या फाट्यांची भिंतच सुजून जाड झाली आहे. हा ताकायासूचा रोग. विडी नाही, म्हातारपण नाही, साखर नाही. या काळात तुमच्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत आणि छाती-पोट उघडून केलेली मोठी शस्त्रक्रिया आहे. फुगा इथे यायला अजून वर्षं आहेत, आणि आल्यावरही सूज शांत झाल्याशिवाय तो वापरायचा नाही, हे डॉक्टरांना अनुभवाने शिकावं लागणार आहे.

१९९० च्या दशकात हीच इमारत. तुम्ही उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करता. फुप्फुसाचा जुना क्षय. पहाटे खोकला आला आणि तांब्याभर रक्त पडलं. बायको ओरडली, रिक्षा, गाडी, परळ. आतापर्यंत सगळी धडपड बंद रोहिणी उघडण्याची होती. तुमची उघडी रोहिणी बंद करायची आहे. क्षयाने सडलेल्या भागाभोवती श्वासनलिकेच्या बारीक रोहिण्या फुगून जाड होतात आणि त्यांतली एखादी फुटते. डॉ. रवी रामकांतन यांचा क्ष-किरण विभाग मांडीतूनच वर चढतो, महारोहिणीतून निघणारी ती फांदी शोधतो, आणि तिच्यात बारीक कण सोडून वाट बुजवतो. त्याच उगमातून कधी मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणारी बारीक रोहिणीही निघते. तिच्यात एक कण गेला तर कमरेखालचं सगळं लुळं. म्हणून डॉक्टर कण सोडण्याआधी पडद्याकडे बघत राहतात, पुन्हा रंग सोडतात, पुन्हा बघतात, आणि तुम्ही टेबलावर पडून मनात म्हणता, करा की लवकर. १९९६ मध्ये या विभागाने अशा १४० रुग्णांचा अनुभव रेडिऑलॉजी या अमेरिकी नियतकालिकात छापला. युरोप-अमेरिकेने पायांवर शिकलेली विद्या मुंबईने क्षयावर चालवली. ज्या शहराचा जो रोग.

साल २००५, मंगळवार, २६ जुलै, बदलापूर. दुपारचे चार. लहानपणीच्या सांधेतापाने तुमच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे; ठोके अनियमित पडतात, आणि अशा हृदयात रक्त साकळतं. आज त्यातली एक गुठळी निसटून खाली आली आणि उजव्या मांडीत अडकली. आधी कोणी काठी हाणल्यासारखी कळ. मग पाय पांढरा. मग गार. बोटं हलवता येतात अजून, पण बधिर होत चालली आहेत. या क्षणापासून सुमारे सहा तास. त्यानंतर स्नायू मरायला लागतात.

उपाय सोपा आहे, आणि तुमच्या पायासाठीच जणू बनवलेला आहे. १९६३ साली थॉमस फोगार्टीने छापला. लहानपणी मासे पकडायच्या गळाला गाठी मारण्यात वाकबगार असलेल्या या पोराने शस्त्रक्रियेच्या हातमोज्याचं बोट कापून नळीच्या टोकाला बांधलं. मांडीत छोटा छेद घ्यायचा, मिटलेला फुगा गुठळीच्या पलीकडे न्यायचा, फुगवायचा, ओढून घ्यायचा. गुठळी बाहेर. कधी तर अर्ध्या तासाचं काम.

पण हे करणारा माणूस परळला आहे, शीवला आहे, आणि तुम्ही बदलापूरला. छत्रपती शिवाजी टर्मिनस इथून सुमारे ६८ किलोमीटर. एरवी दादरपर्यंत दीड तासाच्या आत. आज उल्हास नदी पात्र सोडून गावात शिरली आहे. सांताक्रूझला या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला जाणार आहे. गाड्या जिथल्या तिथे उभ्या. कुळगावच्या डॉक्टरांनी हेपरिन टोचलंय, म्हणजे गुठळी वाढू नये. आहे ती विरघळवण्याचं काम हेपरिनचं नाही. पाच वाजतात. जावई टेम्पोवाल्याला विचारून येतो. सहा. वीज गेली आहे. कोणीतरी म्हणतं, अंबरनाथपर्यंत तरी जाऊ. तिथून पुढे काय, याचं उत्तर कोणाकडे नाही. दहा वाजता बायको तुमचा अंगठा चिमटते आणि विचारते, "कळतंय का?" तुम्ही म्हणता, "हो." तुम्हाला कळत नसतं.

हा पाय गेला. पुढच्या सालात तो तुम्हाला परत मिळेल. सगळ्यांना अशी सोय नसते.

आजचं साल. बदलापूर पूर्व. वय अठ्ठावन्न, मधुमेह चौदा वर्षांचा. स्टेशनबाहेर बोर्ड लागलेत: बिनटाक्याचं, बिनरक्ताचं, त्याच दिवशी घरी. तुम्ही एका ठिकाणी गेलात. डाव्या पोटरीवरच्या गाठी त्यांनी पाहिल्या, टेबलावर आडवं करून डॉपलर केलं, म्हणाले, लेसर करून टाकू, पॅकेज आहे. उजव्या पायाचा मोजा काढा असं कोणी म्हटलं नाही. तुम्ही अॅडव्हान्स भरून आलात.

सुदैवाने तुमची मुलगी हट्टी आहे. ती तुम्हाला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेते.

"काका, आडवे नका होऊ. उभे राहा."

उभ्यानेच? हो, उभ्यानेच. आडवं पडल्यावर नीलांवर भारच नसतो, मग झडपा गळतात की नाही कसं कळणार? डॉक्टर पोटरी दाबून सोडतात आणि पडद्यावर बघतात रक्त उलट किती वेळ येतं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त आलं तर झडप निकामी. तुमच्या मांडीतली मोठी नीला ठणठणीत निघते. बिघडल्या आहेत त्या पोटरीतल्या वरवरच्या फांद्या.

"आता दुसरा मोजा काढा."

करंगळीच्या कडेला जखम आहे. बूट लागला असेल, असं तुम्ही महिनाभर म्हणत होता. मधुमेहाने पावलाची जाणीव नेली आहे, म्हणून दुखत नव्हतं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करतात, ०.९ च्या खाली आला तर रोहिणी अरुंद. तुमचा येतो १.४. "मग चांगलंच की," मुलगी म्हणते. डॉक्टर मान हलवतात. मधुमेहात रोहिणीच्या भिंतीत चुना भरतो, ती पट्ट्याने दाबलीच जात नाही, आणि आकडा खोटा चढतो. अंगठ्याला छोटा पट्टा लावून मोजलेला दाब खरं सांगतो: फार कमी.

शेजारच्या टेबलावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक मावशी आहेत. क्षणभर त्या व्हा. वीस वर्षं शेगडीपुढे उभं राहणं, तीन बाळंतपणं, आईलाही हाच त्रास. डाव्या घोट्याच्या आत तळहाताएवढी जखम, भोवती काळी पडलेली कातडी, मांडीतली मोठी नीला वरपासून खालपर्यंत गळकी. हिच्यासाठी तो बोर्ड खरा आहे. गुडघ्याजवळ सुई, तार, नळी. नीलेभोवती भुलीचं थंड पाणी सोडतात. त्याने दुखत नाही आणि आजूबाजूचं भाजत नाही. मग १२० अंशांवर तापलेलं सात सेंटिमीटरचं टोक वीस सेकंद एका जागी, मागे घ्यायचं, पुन्हा वीस सेकंद. नीला आतून मिटत येते. रक्त आतल्या खोल नीलांतून जायला लागतं. भाजलेल्या भागाचा वास येत नाही, मावशींनी मुद्दाम विचारून घेतलं होतं. पायमोजा चढवून लगेच चालायला लावतात. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की असं लवकर केलं तर जखम ८२ ऐवजी साधारण ५६ दिवसांत भरते.

आता परत या, तुमच्या उजव्या पायात. कॅथलॅब गार असते. सगळ्यांच्या अंगावर शिशाचे एप्रन. जांघेत टोचणी. "काका, आता पायात गरम वाटेल," आणि खरंच मांडीपासून खाली ऊन पाणी ओतल्यागत वाटतं. तो रंगद्रव्याचा परिणाम. गुडघ्याखाली तीन रोहिण्या असायला हव्यात. पडद्यावर एक धड आहे, एक तुटक, एक नाहीच. तार ०.३६ मिलिमीटर जाडीची. ती बुजलेल्या भागाशी थांबते, वाकते, मागे येते, पुन्हा जाते. तास होत आला. बोलणं बंद झालंय. मग डॉक्टर "गेली" एवढंच म्हणतात. अडीच मिलिमीटरचा फुगा, दोन-तीन मिनिटं फुगवून ठेवलेला. पावलापर्यंत काळी रेघ उतरते.

हे फार दिवस टिकेलच असं नाही. गुडघ्याखालच्या इतक्या बारीक रोहिण्या पुन्हा अरुंद होतात. जखम भरेपर्यंत रक्त मिळालं तरी पुष्कळ झालं. सुईच नेहमी श्रेष्ठ असंही नाही. २०२२ मध्ये छापलेल्या बेस्ट-सीएलआय या १,८३० रुग्णांच्या अभ्यासात, पायातली मोठी नीला चांगली असेल तर ती वापरून केलेली बायपास शस्त्रक्रिया फुग्यापेक्षा सरस ठरली. पुढच्याच वर्षी बेसिल-२ या ब्रिटिश अभ्यासात गुडघ्याखालच्या आजारात उलट निकाल आला: आधी फुगा केलेल्यांत पाय न गमावता जगलेले जास्त निघाले. डॉक्टर लोक अजून वाद घालतायत. पण दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत आहे की फुगा हरला तर बायपासला नीला लागते, आणि उत्तम नीला म्हणजे मांडीतली तीच मोठी. हृदयाच्या बायपासलाही तीच वापरतात.

खर्चाचं बोलून घेऊ. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटची कमाल किंमत बांधून दिली, औषधी लेप असलेल्याची तेव्हा २९,६०० रुपये. पण तो आदेश हृदयाच्या स्टेंटपुरता. तुमचा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे खाली आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारायचं, आणि ते ऑपरेशनच्या आधी.

सहा तास पाय वाकवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी. अॅस्पिरिन, स्टॅटिन, साखर, रोज रात्री दोन्ही पावलं आरशात बघणं, चपलेशिवाय एक पाऊल नाही. जखम भरली की चालणं सुरू: पोटरी आवळेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटली की पुन्हा, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, बारा आठवडे. या व्यायामाचा बोर्ड स्टेशनबाहेर कोणी लावत नाही.

निघताना तुम्हाला आठवतं. "डॉक्टर, ते डाव्या पायाचं लेसर? पुढच्या गुरुवारची तारीख आहे."

"ती शीर उजव्या पायासाठी ठेवलीय काका. जाळू नका. सूज आली की मोजा घाला."

"पण अॅडव्हान्स दिलाय हो."

"मग तो परत मागा," डॉक्टर म्हणतात, आणि पुढच्या नंबरची घंटी दाबतात.